मध्यम किमतीच्या हेडफोनची पारख

पाच हजार रुपयांपासून वीस हजारांपर्यंतच्या किमतीत आज जे हेडफोन मिळतात, त्यांत अगदी टाकाऊ वस्तू क्वचितच सापडते आणि जिच्यात उणे काढावयास जागाच नाही अशीही क्वचितच. त्यामुळे या पायरीवर खरेदी करणाऱ्याला गुणदोषांच्या निरनिराळ्या मिश्रणांतून आपल्या कानाला, आपल्या डोक्याला आणि आपण ऐकत असलेल्या संगीताला मानवेल असे मिश्रण हुडकून काढावे लागते. हे काम दुकानदाराच्या शिफारशीवर, जाहिरातीतील विशेषणांवर किंवा एखाद्या स्नेह्याच्या अनुभवावर सोपवून भागत नाही. आणि ते का भागत नाही हे एकदा नीट समजले, म्हणजे पारख कोणत्या क्रमाने करावी हेही बहुतांशी समजते.

सर्वसाधारण समजूत अशी की ध्वनीची प्रत ही एक बाब आणि परिधानाचे सुख ही दुसरी. पहिलीला मान द्यावा आणि दुसरीच्या बाबतीत थोडीबहुत तडजोड करावी. वस्तुतः हेडफोनच्या ठिकाणी या दोन बाबी एकमेकींपासून अलग काढताच येत नाहीत. ५० हर्ट्झ कंपनसंख्येच्या खर्ज स्वराची लहर हवेत सुमारे सात मीटर लांबीची असते. चार-पाच सेंटिमीटर व्यासाच्या इवल्याशा पडद्याला ती मोकळ्या हवेत पुरेशा जोमाने उत्पन्न करणे साधत नाही. तरीही बंद पाठीच्या हेडफोनमधून तो खर्ज आपल्याला ऐकू येतो, कारण कानाभोवतीची गादी त्वचेला सर्व बाजूंनी टेकलेली असते, आत हवेची एक लहानशी कोठडी तयार झालेली असते आणि पडदा त्या कोंडलेल्या हवेवर आळीपाळीने दाब देत व काढून घेत असतो. या कोठडीला कोठे फट राहिली, मग ती चष्म्याच्या दांडीमुळे असो, कानशिलावरच्या दाट केसांमुळे असो वा कानाखाली जबड्याच्या मागे असलेल्या खळग्यामुळे असो, की दाब तेथून निसटतो आणि सर्वांत आधी खर्ज नाहीसा होतो. म्हणूनच एकच हेडफोन चष्मा लावणाऱ्या काकांना कोरडा व किरटा वाटतो आणि त्यांच्याच पुतण्याला तो भरदार वाटतो. दोघेही खरे बोलत असतात. दुसऱ्याच्या डोक्यावर ऐकलेल्या आवाजाचा दाखला आपल्या डोक्याच्या बाबतीत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, तो यासाठी.

याची परीक्षा सोपी आहे आणि ती कोणालाही दुकानात उभ्याउभ्या करता येते. ज्यात खर्ज अखंड चालू आहे असे काही लावावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच आत दाबाव्यात. दाबताच खर्ज लक्षणीय वाढला, तर गादी आपल्या डोक्यावर नीट बसत नाही असे समजावे; आवाजात विशेष फरक पडला नाही, तर ती बसली आहे. चष्मा वापरणाऱ्यांनी हीच परीक्षा एकदा चष्मा उतरवून करावी आणि दोन्ही वेळच्या आवाजात फार अंतर पडत असेल, तर तो हेडफोन इतर बाबतींत कितीही नामांकित असला तरी बाजूला ठेवावा.

तेव्हा हेडफोन हाती आल्यावर पहिली काही मिनिटे संगीत मुळीच लावू नये. डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी सरकवून तो नेहमीप्रमाणे घालावा, स्वस्थ बसावे, मान खाली-वर करावी, दोन शब्द बोलावेत, आणि शरीर काय सांगते तिकडे लक्ष द्यावे. तक्रार तीन ठिकाणांहून येते: टाळूवर जेथे पट्टी टेकते तेथून, कानामागे जेथे वाटीची खालची कड रुतते तेथून, आणि कानाच्या पाळीला वा वरच्या कडेला आतल्या कापडाचा स्पर्श होतो तेथून. यांपैकी शेवटची तक्रार आरंभी अगदी क्षुल्लक वाटते. परंतु अर्ध्या तासाने तीच असह्य होते, म्हणून वाटीच्या आतली रुंदी जितकी पाहावयाची तितकीच तिची खोलीही पाहिली पाहिजे. वजनाविषयी एवढेच म्हणता येईल की २५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन बहुतेकांना तासन्‌तास पेलतो, आणि त्याहून जड हेडफोनही पट्टी रुंद व मऊ असेल तर पेलतो. भार एकाच बिंदूवर येतो की पसरतो, हा प्रश्न तराजूवरील आकड्याहून महत्त्वाचा.

दोन उदाहरणे घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंतून १९९१ पासून वापरात असलेला सोनीचा एमडीआर-७५०६ हा सुमारे २३० ग्रॅमचा, म्हणजे हलकाच. पण त्याच्या गाद्या पातळ असल्यामुळे ज्यांचे कान मोठे वा पुढे आलेले आहेत त्यांच्या कानाची कड आत टेकते. जर्मनीतील बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो त्याहून जड, सुमारे २७० ग्रॅमचा. परंतु त्याच्या वाट्या गोल व प्रशस्त आणि गाद्या मखमली असल्याने पुष्कळांना तोच अधिक वेळ घालता येतो. वजनाच्या आकड्यावरून निवड करणाऱ्याने येथे उलटा निर्णय केला असता.

गादीच्या कापडाचा प्रश्न आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचा आहे. मध्यम किमतीच्या हेडफोनवर जे चामड्यासारखे आवरण असते ते बहुधा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि हवेतील बाष्पाने त्या द्रव्याचे हळूहळू रासायनिक विघटन होत असते. त्यात घामाची भर पडते. मुंबईत, रत्नागिरीत वा पणजीत राहणाऱ्याने काही पावसाळ्यांनंतर या आवरणाचे काळे पापुद्रे कानाला चिकटणार हे गृहीतच धरावे, आणि खरेदीपूर्वी त्या हेडफोनच्या बदली गाद्या स्वतंत्रपणे मिळतात काय, त्या घरच्या घरी बसवता येतात काय, याची चौकशी करावी. मखमली वा विणीच्या कापडाच्या गादीत कान कमी तापतो. मात्र तिच्यातून हवा थोडी झिरपते, त्यामुळे मूळच्या चामडी गादीऐवजी मखमली बसवल्यास खर्ज घटतो व एकंदर आवाजाचा तोलही बदलतो. गादी बदलली की हेडफोनच बदलला असे समजून तो पुन्हा ऐकणे आवश्यक आहे.

नव्या हेडफोनची पकड थोडी घट्टच असते आणि वापराने ती सैल पडते, म्हणून किंचित जाच होत असेल तर धीर धरण्यास हरकत नाही. परंतु दुकानातच कानशिले दुखू लागली, तर काळावर भिस्त ठेवू नये. उलटपक्षी, पकड अगदीच सैल असेल तर आरंभी सुख वाटते, पण मान वळवताच वाटी सरकते आणि वर सांगितलेली फट निर्माण होते.

आता ध्वनीकडे वळू. येथे सर्वप्रथम एका भ्रमाचा बंदोबस्त करावा लागतो, कारण दुकानात होणाऱ्या बहुतेक चुकीच्या निवडींच्या मुळाशी तोच असतो. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखा प्रतिसाद देत नाही, आणि आवाज जसा लहान होत जातो तसा खर्ज स्वरांच्या बाबतीत तो विशेषच मंद होतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की दोन हेडफोनपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक भरदार आणि अधिक जिवंत भासतो. ऐकणाऱ्याला आवाजाची पातळी वाढल्याचे कळत नाही, गुण वाढल्याचे मात्र वाटते. दोन हेडफोनांची तुलना करताना म्हणून प्रत्येक वेळी आवाज पुन्हा जुळवून घ्यावा: गाण्यातील एकच ओळ धरावी, तीतील कंठस्वर दोन्हींतून सारख्या अंतरावरून आल्यासारखा वाटेपर्यंत पातळी कमी-जास्त करावी, आणि मगच मत बनवावे. फोनमधील खर्ज वाढवणाऱ्या वा आवाज भोवती फिरवणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. एका बैठकीत दोनांहून अधिक हेडफोन ऐकू नयेत. कान थकतो, आणि थकलेल्या कानाला जे सौम्य ते चांगले वाटू लागते.

ऐकावयाचे काय? दुकानदाराने लावलेले गाणे नव्हे, हे तर उघडच आहे. ते त्या हेडफोनला शोभेल असेच निवडलेले असते. ज्या वाद्याचा आवाज आपण समोर बसून, मध्ये कोणतेही यंत्र नसताना ऐकला आहे, ते वाद्य घ्यावे. येथे एक सावधगिरी सुचवतो: पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात किंवा अन्य मोठ्या मंडपात ऐकलेले गायन या कामी प्रमाण मानू नये, कारण तेथे आपल्यापर्यंत पोहोचतो तो ध्वनिवर्धकांचा आवाज. घरगुती बैठकीत, गायनाच्या शिकवणीत किंवा देवळातल्या भजनात चार हातांवरून कानी पडलेला तंबोरा, तबला, पेटी, टाळ यांची स्मृती अधिक विश्वसनीय असते.

त्यांतही माझ्या मते तंबोऱ्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. पुरुष गायकाची काळी एकची पट्टी धरली, तर मध्य सप्तकातील षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची होते. परंतु त्या एका तारेच्या झंकारात मूळ स्वराच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे आणि त्याहूनही वरचे स्वरांश मिसळलेले असतात, आणि मिरजेचा कारागीर घोडीवर तासून जी जवारी काढतो व वादक तारेखाली सुताचा धागा सरकवून जी उघडतो, ती या वरच्या स्वरांशांना प्रकट करण्यासाठीच. त्यांतील पाचव्या पटीचा अंश, म्हणजे येथे सुमारे ३४६ हर्ट्झचा, हाच तो स्वयंभू गांधार, जो कोणी छेडलेला नसतानाही उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो. केवळ तंबोऱ्याचे एखादे स्वच्छ ध्वनिमुद्रण लावून पाहावे. ज्या हेडफोनचा खर्ज फुगवलेला आहे त्यात हा गांधार त्या गुंजारवाखाली दडपला जातो आणि जवारीची धार बोथट होते. ज्याचा खर्ज क्षीण आणि वरचा भाग तीव्र आहे त्यात जवारी पत्र्यासारखी वाजते, तारेमागचा भोपळा नाहीसा होतो. खर्ज, गांधार आणि झंकार ही तिन्ही एकाच वाद्यातून निघत आहेत असे ज्यात वाटते, त्या हेडफोनचा तोल बरोबर आहे असे मी निःशंकपणे म्हणेन.

तंबोऱ्यामागून तबला. उजव्यावरील शाईमुळे त्याचे स्वरांश सुसंवादी होतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते, आणि म्हणूनच तबल्याला निश्चित स्वर असतो. चाटीवरच्या ‘ना’मध्ये तो स्वर ऐकू आला पाहिजे, नुसती टिचकी नव्हे. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात त्यात स्वर खालून वर चढतो. चांगल्या हेडफोनमध्ये ही चढण आरंभापासून अखेरपर्यंत अनुसरता येते. ज्याच्या खर्जाला एकाच ठिकाणी उठाव दिलेला आहे त्यात प्रत्येक ‘घे’ त्याच एका जागी धपकन बसतो. बाजारात ‘दमदार बास’ म्हणून ज्याची ख्याती असते ते पुष्कळदा हेच असते.

कंठस्वराची परीक्षा गाण्याहून बोलण्यावर अधिक चोख होते. बातम्या किंवा एखादे व्याख्यान लावावे. ‘स’ आणि ‘श’ यांचा सीत्कार, तसाच ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन वेगवेगळ्या ‘च’कारांचा भेद, हे बहुतांशी ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या प्रदेशात घडते. तेथे उठाव जास्त असेल तर प्रत्येक ‘स’ कानात टोचतो आणि तासाभरात डोके जड होते. कमी असेल तर निवेदक पडद्याआडून बोलल्यासारखा वाटतो. आरंभी जो हेडफोन सर्वांत ‘स्पष्ट’ म्हणून मनात भरतो तोच पुष्कळदा या टोचणीमुळे पुढे नकोसा होतो, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक परीक्षा जुन्या मराठी गाण्यांच्या रसिकांना सहज साध्य आहे. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून प्रक्षेपित झाले त्या १९५५-५६ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे एकमार्गी असत, म्हणजे डाव्या व उजव्या कानाला तंतोतंत एकच ध्वनी मिळतो. असे एखादे गाणे लावल्यास गायकाचा आवाज मस्तकाच्या बरोबर मध्यभागी आणि स्थिर भासला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल, किंवा मंद्रातून तारसप्तकात जाताना इकडून तिकडे सरकत असेल, तर हेडफोन उलटा घालून पाहावा. झुकावाची दिशा बदलली तर दोष वाटीत आहे आणि वस्तू बदलून मागावी, बदलली नाही तर तो आपल्या कानाचा किंवा गादी बसण्याचा. अलीकडच्या काही आवृत्त्यांत जुन्या मुद्रणाला कृत्रिम दोन बाजू दिलेल्या असतात, त्या या कामी उपयोगाच्या नाहीत.

हेडफोनचा आवाज ‘सपाट’ असावा, असे जे सांगतात ते अर्धेच सांगतात. मनुष्याची कर्णपाळी आणि कर्णनलिका ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर स्वभावतःच वाढवून कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचवतात. हेडफोन या रचनेला अंशतः वगळून बोलत असल्यामुळे त्याला तो उठाव स्वतः द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास आवाज निर्जीव होतो. किती द्यावा यावर मतभेद होते. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनी २०१२ च्या सुमारास आरंभलेल्या संशोधनात श्रोत्यांना हेडफोनचे नाव न कळू देता ऐकवून जी आवड नोंदवली, तीवरून असे दिसले की चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरांसारखा, म्हणजे खर्जाकडे थोडा झुकलेला तोल बहुसंख्यांना रुचतो. आणि तरीही काहींना याहून कमी खर्ज हवा असतो, काहींना अधिक. आपण कोणत्या गटात आहोत हे कळले म्हणजे इतरांची परीक्षणे वाचताना त्यांतील स्तुतिनिंदेचे योग्य मोल करता येते.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर फार वेळ घालवू नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा मजकूर त्या टप्प्यात आवाज किती चढतो-उतरतो हे सांगत नाही, म्हणून तो निरर्थक आहे. ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ हा तर मनुष्याच्या श्रवणशक्तीच्या दुप्पट, आणि ती वरची मर्यादाही वयोमानाने खाली येत असते. पडद्याचा व्यास ४० मिलिमीटर की ५०, यावरूनही प्रत ठरत नाही. एकच आकडा उपयोगी, तो म्हणजे ओहम्‌मध्ये दिलेला विद्युत्‌रोध. डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम्‌ अशा तीन प्रकारांत मिळत आला आहे; त्यांतील २५० ओहम्‌चा साध्या फोनवर क्षीण वाजतो व त्याला स्वतंत्र वर्धक लागतो, म्हणून फोनवर ऐकणाऱ्याने पहिल्या दोहोंपैकी एक घ्यावा.

पाठ उघडी असलेला हेडफोन घ्यावा की बंद, हे घर पाहून ठरवावे. १९६८ साली झेनहायझरने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला, तेव्हापासून त्या जातीच्या मोकळ्या आणि प्रशस्त आवाजाचे चाहते जगभर आहेत, आणि कान न तापणे हा तिचा आणखी एक गुण आपल्या हवेत मोलाचा आहे. परंतु तिच्यातून बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो आणि आतले गाणे शेजारच्याला ऐकू जाते; ज्या घरात पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरची वाहतूक अखंड चालू आहे तेथे तिचे गुण वाया जातात.

बिनतारी आणि गोंगाटशामक हेडफोनांविषयी थोडक्यात. १९७८ साली झुरिचहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने त्रासलेल्या डॉ. अमर बोस यांना ज्या उपायाची कल्पना सुचली, तो उपाय, म्हणजे बाहेरचा ध्वनी टिपून त्याच्या विरुद्ध लहर निर्माण करणे, एकसुरी व खर्ज गोंगाटावर उत्तम चालतो. माणसांच्या बोलण्यावर आणि अचानक होणाऱ्या आवाजांवर तितका नाही. रोज रेल्वेने वा विमानाने जाणाऱ्याला तो खरोखर उपकारक आहे. मात्र ही सोय चालू करताच काहींना कानात दडा बसल्यासारखे वाटते, काही हेडफोनांचा स्वरच पालटतो. म्हणून चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत तंबोरा पुन्हा ऐकावा. अशा हेडफोनमधील विजेरी कालांतराने निकामी होते आणि बहुधा सहज बदलता येत नाही. ज्याला घरी एका जागी बसूनच ऐकावयाचे आहे, त्याने तेवढ्याच पैशात तारेचा हेडफोन घ्यावा. त्याच्या पदरी ध्वनीचे माप अधिक पडेल आणि वस्तू अधिक वर्षे टिकेल.

पैसे देण्यापूर्वी माल परत घेण्याची मुदत किती आणि कोणत्या अटींवर, हे लेखी पाहून घ्यावे. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश यांची नोंद असते, ती नसल्यास खरेदी करू नये, कारण लोकप्रिय नमुन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. पावती आणि खोके मुदत संपेपर्यंत जपावे.

ती मुदत हाच परीक्षेचा खरा काळ. रोज थोडा वेळ, आणि मुद्दाम लहान आवाजात ऐकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित धरले जाते, आणि पातळी दर तीन डेसिबलने वाढली की ही मर्यादा निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. जो हेडफोन आवाज वाढवल्याशिवाय रंगत नाही तो या कारणानेही गैरसोयीचा समजावा. आरंभीचे चार-पाच दिवस कान नव्या तोलाला सरावत असतो, म्हणून त्या अवधीत शेवटचा निर्णय करू नये. मुदत संपण्याच्या एक-दोन दिवस आधी, ज्याची प्रत्येक जागा आपल्याला पाठ आहे अशा एखाद्या मैफलीचे पूर्ण ध्वनिमुद्रण विलंबित ख्यालापासून भैरवीपर्यंत सलग ऐकावे. मधल्या वेळात हात वारंवार वाटी सावरण्यासाठी वर गेला, किंवा द्रुत सुरू होण्यापूर्वीच हेडफोन उतरवून ठेवावासा वाटला, तर दुसऱ्या दिवशी खोके आणि पावती घेऊन दुकान गाठावे.